उन्हाळ्यात खोकला, पावसात आराम : यवतमाळ जिल्ह्यातील दहा वर्षांच्या मुलीचे प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातील एका कोरडवाहू गावातून दहा वर्षांच्या मुलीला तिच्या आईवडिलांनी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात आणले, तेव्हा सोबतच्या कागदांच्या पिशवीत दोन आजारांची नावे आधीच होती. मागच्या वर्षीच्या कागदांवर क्षयरोग लिहिलेला होता आणि यंदाच्या कागदांवर दमा. क्षयरोगाची सहा महिन्यांची औषधे तिने डिसेंबरमध्ये एकही दिवस न चुकवता पूर्ण केली होती, आणि एप्रिलपासून तिला दम्याचा पंप स्पेसरसह (पंपाला जोडायच्या नळकांड्यासह) नीट दिला जात होता. तरीही तिला कोरडा खोकला होता, विहिरीवरून घागर आणताना दम लागत होता, बहुतेक रात्री पहाटेच्या सुमारास अंगात कणकण येत होती, आणि शालेय आरोग्य तपासणीच्या नोंदीतील २४ किलो वजन आता २१ किलोवर आले होते. (कुटुंबाचे आणि गावाचे तपशील येथे मुद्दाम मोघम ठेवले आहेत.)

तपासणीत ती मिनिटाला ३६ वेळा श्वास घेत होती, जे या वयाला जास्त आहे. छातीत शिट्टीसारखा आवाज कोठेच नव्हता. उलट दोन्ही बाजूंना पाठीच्या खालच्या भागात, श्वास आत घेण्याच्या शेवटी, कानाशी केसांची बट बोटांत चोळल्यावर येतो तसा बारीक चरचर आवाज येत होता. बसलेल्या अवस्थेत रक्तातील ऑक्सिजन ९३ टक्के होता. तेवढ्यावर न थांबता तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून तिला वऱ्हांड्यात सपाट फरशीवर चालवले. तिसऱ्या मिनिटाला ती भिंतीला हात टेकून थांबली, त्या वेळी आकडा ८५ होता. कोविडच्या साथीनंतर ऑक्सिमीटर गावोगावच्या आशाताईंकडेही पोहोचला आहे, पण मुलाला चालवून आकडा पाहण्याची पद्धत अजून रुजलेली नाही, आणि फुप्फुसाच्या पेशीजालाचे, म्हणजे हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या भिंतींचे, आजार पुष्कळदा बसलेल्या मुलात लपून राहतात. दम्याचा झटका नसताना दम्याच्या मुलाचा आकडा चालण्याने आठ अंकांनी सहसा घसरत नाही. हे एकच निरीक्षण दम्याच्या निदानाविषयी शंका घ्यायला पुरेसे होते.

क्षयरोगाचे निदान करणाऱ्या डॉक्टरांना दोष देण्याचे कारण नाही. दोन आठवड्यांहून जुना खोकला, ताप, घटलेले वजन आणि छातीच्या एक्स-रेमध्ये दोन्हीकडे धूसर ठिपके, एवढे एकत्र दिसल्यावर आपल्याकडे पहिला विचार क्षयरोगाचाच व्हायला हवा. अडचण पुढच्या पायरीवर झाली. लहान मुलांना बेडका काढता येत नाही, म्हणून पहाटे उपाशीपोटी जठरातील द्राव काढून तो सीबीनॅट तपासणीला (क्षयरोगाच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीला) पाठवावा लागतो. ते झाले नव्हते, मँटू ही क्षयरोगाची त्वचेवरची चाचणीही नकारात्मक होती, आणि औषधे जूनच्या पहिल्या आठवड्यात अंदाजावर सुरू झाली. जुलैत मुलगी खेळू लागली. औषधाला गुण आला म्हणजे निदान बरोबर होते, असा निष्कर्ष घरच्यांनीही काढला आणि कागदांनीही. सहा महिने तिचे ताट-वाटी वेगळे ठेवले गेले, हे आईने नंतर, विचारल्यावर सांगितले.

निदानाची वाट दाखवणारे वाक्य मात्र आजीचे होते. खाटेशेजारी बसलेल्या आजीने, कोणी न विचारता, सांगितले : "उन्हाळा लागला का पोरीले खोकला लागते, अन् पाणी पडलं का आपोआप जाते. गोळ्या देवा का नका देवा." मागच्या वर्षी गोळ्या सुरू झाल्यावर दोन आठवड्यांत मृगाचा पाऊस आला होता. म्हणजे मुलगी गोळ्यांनी बरी झाली की पावसाने, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारलाच नव्हता.

ऋतूप्रमाणे येणारा-जाणारा त्रास घरातील एखाद्या वस्तूच्या ॲलर्जीचा असू शकतो, म्हणून घराचा इतिहास नव्याने, महिनावार घेतला. ॲलर्जीच्या फुप्फुसविकारात "घरात धूळ आहे का" असे विचारून काही हाती लागत नाही, कारण उत्तर नेहमी होयच असते; कोणती वस्तू कोणत्या महिन्यात घरात येते आणि कधी जाते, हे विचारावे लागते. या घरात संशय घेण्याजोग्या चार गोष्टी निघाल्या. चांगल्या बाजारभावाची वाट पाहत घरात रचलेला कापूस होता, पण तो फेब्रुवारीतच विकला गेला होता आणि तो घरात असताना मुलगी ठणठणीत होती. पऱ्हाटीवर (कापसाच्या वाळलेल्या झाडांवर) पेटणारी चूल वर्षभर चालते. कोठ्यातील (गुरांच्या गोठ्यातील) सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) दिवाळीपासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत असते, आणि भिजलेल्या कुटाराला बुरशी लागते, म्हणून त्याच्यावरचा संशय पूर्ण सोडता येत नव्हता. चौथी वस्तू होती तीन उन्हाळ्यांपूर्वी विकत घेतलेला जुना लोखंडी कूलर. तो मार्चच्या मध्याला लागत असे आणि मृगाच्या पहिल्या पावसानंतर बंद होत असे. मुलीच्या खोकल्याचेही हेच दोन टोकांचे महिने होते. पहिल्या उन्हाळ्यात तिला काही झाले नव्हते, हेही जुळत होते, कारण अशा ॲलर्जीत शरीराला आधी काही आठवडे ते महिने त्या वस्तूची ओळख व्हावी लागते.

आशाताईंनी घरी जाऊन मोबाइलवर फोटो पाठवले. कूलरच्या ताट्या (ज्यांवरून पाणी झिरपते ते बाजूंचे पडदे) बदललेल्या नव्हत्या; गेल्या पावसाळ्यात त्या काढून कोठ्यात कुटाराशेजारी उभ्या केल्या होत्या आणि मार्चमध्ये त्याच परत बसवल्या होत्या. ताट्यांच्या खालच्या भागावर काळपट-हिरवे डाग होते, टाकीच्या तळाशी बोटभर गाळ होता, आणि मुलीची बाज कूलरच्या तोंडापासून जेमतेम चार फुटांवर होती. कूलरला बाहेरची हवा आणि समोर उघडी खिडकी लागते. एका खोलीच्या या घरात तो आतच ठेवलेला होता आणि खिडकी उन्हामुळे बंद असे. म्हणजे तीच दमट हवा त्याच ओल्या ताट्यांतून रात्रभर फिरत होती.

येथे आजाराची कार्यपद्धती थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण उपचाराचा सगळा तर्क तिच्यावर उभा आहे. दम्यात ॲलर्जी श्वासनलिकांत असते. तिच्यामागे बहुधा आयजीई प्रकारची प्रतिपिंडे (शरीराची संरक्षक प्रथिने) असतात, त्रास मिनिटांत सुरू होतो, नळ्या आकुंचन पावतात, शिट्टी वाजते, आणि साल्ब्युटामॉलने त्या मोकळ्या होतात. या मुलीच्या आजारात, ज्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात, बुरशीचे बीजाणू किंवा जिवाणूंचे कण पाच मायक्रॉनहून लहान असल्याने नळ्या ओलांडून थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात, आणि तेथे लिम्फोसाइट पेशी आणि आयजीजी प्रतिपिंडांच्या मार्गाने सूज निर्माण करतात. त्यामुळे शिट्टी वाजत नाही, ऑक्सिजन रक्तात जाण्याची वाटच जाड होते, आणि त्रास संपर्कानंतर चार ते आठ तासांनी सुरू होतो. रात्री नऊला कूलरसमोर झोपलेल्या मुलीला पहाटे कणकण का येत होती, आणि घरच्यांनी तिचा कूलरशी संबंध का जोडला नाही, याचे उत्तर या चार ते आठ तासांत आहे.

हा आजार शास्त्राला नवीन नाही. कुजक्या गवतात काम करणाऱ्या शेतकऱ्यांतील त्याचे वर्णन १९३२ मध्ये इंग्लंडमध्ये झाले आणि कबुतरे पाळणाऱ्यांतील वर्णन १९६५ मध्ये अमेरिकेत. मुलांमध्ये तो दुर्मीळ मानला जातो आणि पाळीव पक्षी व बुरशी ही त्याची नेहमीची कारणे आहेत. कूलरचा संबंध मात्र आपल्याकडचा आहे. भारतातील १९ शहरांतील २७ केंद्रांवर पेशीजालाच्या फुप्फुसविकारांच्या १,०८४ रुग्णांची नोंद ठेवली गेली आणि ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांपैकी ४७.३ टक्के रुग्णांना हाच आजार होता, आणि त्या गटातील जवळपास निम्म्या रुग्णांचा कूलरशी संपर्क होता. ती नोंद मोठ्या माणसांची आहे, आणि कूलर घरात असणे म्हणजे कूलरच कारण असणे नव्हे. तरीही ज्या भागात चार महिने कूलरशिवाय झोप येत नाही, तेथील डॉक्टरांच्या प्रश्नावलीत तो नसावा, हे मला तरी समर्थनीय वाटत नाही.

दाखल केल्यानंतर ऑक्सिजन दिला आणि मुद्दाम स्टिरॉइड सुरू केले नाही, कारण क्षयरोगाची तपासणी बाकी होती. नंतर जे घडले त्यात योजनेचा भाग थोडा आणि योगायोगाचा जास्त होता. आमच्या वॉर्डातील कूलरची मोटर जळालेली होती. त्या मे महिन्यात मुले आणि त्यांच्या आया पंख्याखाली घामाघूम होत्या, आणि या एका मुलीचा ताप तिसऱ्या दिवशी थांबला, चौथ्या दिवशी ऑक्सिजनशिवाय आकडा ९५ आला. घरी लग्न असल्याने कुटुंबाने आग्रहाने सुटी घेतली. कूलर लावू नका असे सांगितले होते, परंतु पाहुण्यांनी भरलेल्या घरात ते पाळले गेले नाही, आणि दुसऱ्याच पहाटे थंडी, ताप, खोकला आणि ८८ चा आकडा घेऊन ती परत आली. अशी परीक्षा मुलांवर मुद्दाम कधीही घेऊ नये. पण आपोआप घडलेल्या परीक्षेचे मोल मोठे असते आणि ती तपशिलाने, वेळेसह, केसपेपरवर लिहून ठेवली पाहिजे. आम्ही ती लिहिली, आणि नागपूरच्या अध्यापन रुग्णालयाला पाठवलेल्या पत्रात सर्वांत वर हीच नोंद होती.

नागपूरला झालेल्या तपासण्यांचा क्रमही सांगण्याजोगा आहे, कारण प्रत्येकीने एकेक पर्याय बाजूला केला. रक्तातील इओसिनोफिल पेशी घनमिलिमीटरमागे ३०० होत्या. पूर्व विदर्भात हत्तीरोगाचा प्रादुर्भाव असल्याने, हत्तीरोगाच्या जंतूंमुळे होणारा आणि दम्यासारखा दिसणारा इओसिनोफिलिया हा पर्याय येथे नेहमी मनात ठेवावा लागतो. त्यात हा आकडा सहसा ३,००० च्या वर असतो. एकूण आयजीई वाढलेले नव्हते, म्हणून अस्परजिलस बुरशीमुळे दम्याच्या रुग्णांत होणारा ब्राँकोपल्मनरी आजारही मागे पडला. स्पायरोमेट्रीत फुंकलेल्या हवेचे एकूण आकारमान अपेक्षेच्या ५४ टक्के होते, पण पहिल्या सेकंदाचे त्याच्याशी असलेले प्रमाण चांगले होते, आणि साल्ब्युटामॉलनंतर काही फरक पडला नाही : फुप्फुसे आक्रसलेली होती, नळ्या अडलेल्या नव्हत्या. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांत काच धुरकटल्यासारखे पट्टे, वायुमार्गांच्या टोकांशी बारीक अस्पष्ट गाठी आणि श्वास सोडल्यावरही हवा अडकून राहिलेले काळे तुकडे दिसले. दुर्बिणीतून फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रावात ६२ टक्के लिम्फोसाइट होते आणि त्याच द्रावातील सीबीनॅट नकारात्मक होते. फुप्फुसाचा तुकडा काढण्याची गरज उरली नाही.

अस्परजिलसविरोधी आयजीजी वाढलेले आढळले. या चाचणीविषयी सावध राहायला हवे. ती संपर्क दाखवते, आजार नव्हे; त्याच कूलरसमोर झोपणाऱ्या निरोगी भावातही ती होकारार्थी येऊ शकते, आणि ती नकारात्मक आली म्हणून चांगला इतिहास खोटा ठरत नाही. खाजगी प्रयोगशाळांतून महागड्या ॲलर्जी पॅनेलचे अहवाल घेऊन येणाऱ्या पालकांना हे समजावणे कठीण जाते. त्या पॅनेलमध्ये बहुधा आयजीई मोजलेले असते, ज्याचा या आजाराच्या निदानाशी संबंध नाही.

उपचाराचा पाया संपर्क तोडणे हा आहे, स्टिरॉइड त्याला जोड म्हणून येते. ऑक्सिजन कमी असल्याने प्रेडनिसोलोन किलोमागे सुमारे दीड मिलिग्रॅम, म्हणजे रोज ३० मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर एकत्र सुरू केले. चार आठवड्यांनंतर ते टप्प्याटप्प्याने उतरवत सप्टेंबरअखेर बंद केले. स्टिरॉइड सुरू करण्याआधी जंताचे औषध दिले, वजन, उंची, रक्तदाब आणि साखर यांची नोंद केली, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व जोडले. आईला तीन गोष्टी लिहून दिल्या : गोळी एकदम बंद करायची नाही, शेजारी कोणाला कांजिण्या आल्या तर त्याच दिवशी कळवायचे, आणि कोणत्याही गावची दम्याची पुडी घ्यायची नाही. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असते, त्याने दोन दिवसांत बरे वाटते, आणि मूळ कारण घरातच राहून फुप्फुसात हळूहळू न भरून येणारे व्रण होत राहतात.

पंप बंद केला, आणि तो का बंद केला हे नीट सांगावे लागले. गावात आधीच "पंप लागला की सुटत नाही" अशी भीती आहे, आणि या मुलीला पंपाने गुण आला नाही ही बातमी दम्याच्या दहा मुलांचा पंप सोडवायला पुरेशी झाली असती. विदर्भातही मुलांतील ॲलर्जीच्या फुप्फुसविकारांत दमा हाच सर्वांत जास्त आढळणारा आहे, त्यात श्वासातून घेण्याचे स्टिरॉइड हाच मुख्य उपचार आहे, आणि शिट्टी वाजणारे, रात्री खोकणारे, अधूनमधून पूर्ण बरे असणारे मूल पाहिल्यावर पहिला विचार त्याचाच करायचा असतो. नीट घेतलेल्या पंपाने चार ते सहा आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, वजन घटत राहिले, बारीक चरचर ऐकू आली किंवा चालल्यावर ऑक्सिजन पडला, तर मात्र औषध वाढवण्याऐवजी निदान पुन्हा तपासावे.

खरी वाटाघाट कूलरची होती. पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या प्रदेशात पत्र्याखाली राहणाऱ्या कुटुंबाला "कूलर बंद करा" एवढेच सांगून दार लावणे हा सल्ला नव्हे. वडिलांचा पहिला प्रस्ताव नव्या ताट्या बसवण्याचा होता. एरवी तो चांगला सल्ला आहे : दर हंगामाला ताट्या नव्या घ्याव्यात, टाकी दोन-तीन दिवसांनी पूर्ण रिकामी करून घासून वाळवावी, हंगाम संपल्यावर ताट्या जपून न ठेवता टाकून द्याव्यात, आणि कूलर खिडकीबाहेर ठेवावा. परंतु एकदा हा आजार झालेल्या मुलाला स्वच्छ कूलरही चालत नाही, कारण ओल्या ताटीवर बुरशी वाढायला फार दिवस लागत नाहीत आणि अशा शरीराला थोडे कण पुरतात. वाळ्याचा ओला पडदाही त्याच कारणाने नको. शेवटी कूलर घराबाहेर गेला, पत्र्यावर चुना मारला, त्यावर पऱ्हाटी-तुराट्यांचा थर टाकला जो पहिल्या पावसाआधी उतरवायचा ठरले, आणि रात्री अंगणात बाजा टाकून झोपायचे ठरले. दुपारी मुलीला शेजारच्या कौलारू, जाड मातीच्या भिंतींच्या घरात बसवायचे ही कल्पना आजीची होती. उष्माघाताची लक्षणेही त्याच कागदावर लिहून दिली. भिजलेल्या कुटाराला हात लावण्याचे काम तिच्याकडून काढून घेतले.

सहा आठवड्यांनी चालल्यानंतरचा आकडा ९४ होता. सप्टेंबरअखेर वजन साडेचोवीस किलो आणि स्पायरोमेट्रीतील आकारमान ७८ टक्के. हे समाधानकारक होते, परंतु मागच्या वर्षीही ती पावसाळ्यात बरी झाली होती, म्हणून उपचार यशस्वी झाल्याचे आम्ही तेव्हा लिहिले नाही. पुढचा मे महिना जाऊ दिला. त्या उन्हाळ्यात ती कोणत्याही औषधाविना शाळेच्या सुटीत हुंदडली, वजन वाढले, आकारमान ८६ टक्क्यांवर आले. एक अपवाद झाला : नात्यातील लग्नात मंगल कार्यालयाच्या मोठ्या कूलरसमोर ती एक रात्र झोपली आणि पहाटे ताप-खोकला सुरू झाला, तो दोन दिवसांत औषधाशिवाय ओसरला. लग्ने, शाळेचे कार्यक्रम आणि रुग्णालयांचे वॉर्ड ही पुढेही तिच्यासाठी जोखमीची ठिकाणे राहतील, म्हणून शाळेला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र दिले आहे. वर्षातून दोनदा, एकदा हिवाळ्यात आणि एकदा मे महिन्यात, चालण्याची चाचणी आणि स्पायरोमेट्री करायची आहे. आकारमान पुन्हा घसरले तर सीटी स्कॅन पुन्हा काढून व्रण शोधावे लागतील.

धाकट्या भावाचीही तपासणी करावी का, असे आईने शेवटच्या भेटीत विचारले. त्याला खोकला नाही, वजन वाढते आहे आणि वऱ्हांड्यात धावून आल्यावर त्याचा आकडा ९८ राहिला, म्हणून त्याची रक्ततपासणी केली नाही. पुढील उन्हाळ्यात पहाटेचा ताप किंवा दम दिसला तर त्याला आणायचे, एवढे ठरले.